पाटीवाल्या प्रधान मॅडम

प्रधान मॅडमनी मला कधीच माझ्या नावाने हाक मारली नाही. त्यांच्या लेखी मी ‘कल्याण’ होते. कॅश काउंटरवरची मुलगी ‘कळवा’, इंग्रजी कादंबऱ्यांचा विभाग बघणारा उंच मुलगा ‘मुलुंड’ आणि मराठी विभागाचे राणे म्हणजे ‘डोंबिवली’. ठाण्याला हायवेजवळच्या एका मॉलमध्ये आमचं पुस्तकांचं दुकान होतं. आमचं म्हणजे देशभर शाखा असलेल्या एका मोठ्या कंपनीचं. पण मॅनेजर प्रधान मॅडम असल्यामुळे ते त्यांच्या घरचंच वाटायचं. दुकानात माणसं टिकत नसत. नवीन मुलगा जरा रुळला की मोबाइल कंपनीत नाहीतर विमानतळावर नोकरी धरायचा.

“नावं पाठ करून करून मी थकले,” मॅडम म्हणायच्या. “माणूस बदलतो, स्टेशन काही बदलत नाही.”

एकदा ठाण्याचीच तीन जणं एकदम कामाला लागली तेव्हा आम्हाला वाटलं, आता मॅडम अडकणार. त्या कसल्या अडकतायत! “तू ठाणे पूर्व, तू ठाणे पश्चिम आणि तू वागळे इस्टेट,” असं सांगून त्या मोकळ्या झाल्या. ‘वागळे इस्टेट’ झालेली मुलगी पाचपाखाडीत राहायची. ती दोन दिवस रुसून होती.

मॅडम बुटक्या, गोल, गोऱ्यापान. साडी कायम सुती आणि कडक इस्त्रीची, पण पायांत पांढरे जाडजूड स्पोर्ट्स शूज, कारण दिवसभर उभं राहायचं. चष्मा साखळीला बांधून गळ्यात. हेड ऑफिसने एकदा सगळ्या स्टाफसाठी कंपनीचं नाव छापलेले टी-शर्ट पाठवले आणि ते घालणं सक्तीचं केलं. मॅडमनी फोन लावला. “टी-शर्ट मी आनंदाने घालेन, फक्त त्याच्यावर साडी कशी नेसायची ते दाखवायला कुणालातरी पाठवा.” कुणी आलं नाही. टी-शर्ट शेवटपर्यंत त्यांच्या टेबलाच्या खणात घडी घालून पडून होता.

पुस्तक हातात आलं की त्या आधी शेवटचं पान वाचत. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा न राहवून म्हटलं, “मॅडम, मग मजा काय राहिली?”

“अगं, शेवट कळल्यावरसुद्धा वाचावंसं वाटतंय का, ते बघते. नाही वाटलं तर समजायचं, त्या पुस्तकात शेवटाशिवाय काही नाही.”

आणि मग ते मत त्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत. कुणी एखादी गाजलेली कादंबरी घेऊन काउंटरकडे निघालं की मॅडम मध्येच आडव्या यायच्या. “हे घेताय? अर्ध्यापर्यंत काही घडत नाही हं. तुम्हाला चालेल?” यशस्वी कसं व्हावं हे शिकवणारी पुस्तकं ओळीने घेणाऱ्या एका बाईंना त्यांनी विचारलं होतं, “मागच्या महिन्यात नेलेलं संपलं का?” बाई ओशाळून म्हणाल्या, अजून थोडं राहिलंय. “मग आधी ते संपवा. त्यात यश मिळालं तर हे लागणारच नाही.” बाई हसत हसत रिकाम्या हाताने गेल्या, पण पुढच्या आठवड्यात मैत्रिणीला घेऊन आल्या. मॅडमच्या दुकानदारीचं हे असं होतं. आमच्याकडे नसलेलं पुस्तक स्टेशनजवळ कुठल्या दुकानात मिळेल, तेही त्या सांगत आणि वर त्या दुकानदाराला फोन करून ठेवत.

एका बाबतीत मात्र त्या कडक होत्या. दुपारचे डबे झाले की त्या स्टोअररूमच्या दारात उभ्या राहायच्या. “हात बघू.” आम्ही शाळेतल्या मुलांसारखे हात पुढे करायचो. त्यांच्याच डब्यातलं वालाचं बिरडं नाहीतर कोलंबीची खिचडी आम्ही हाणलेली असायची, त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती. बोटांना मसाल्याचा नुसता वास आला तरी परत बेसिनकडे पाठवणी.

ओक काकांची गोष्ट त्याच दिवसांतली. काका नौपाड्यातून दुपारी यायचे. निवृत्त, बायको गेलेली, मुलगा-सून कामावर. इतिहासाच्या शेल्फवरचा एक जाडजूड ग्रंथ काढायचे, खांबाला टेकून उभ्याने वाचायचे आणि जाताना बसचं तिकीट पानात घालून तो परत जागेवर ठेवायचे. बसायला पूर्वी खुर्च्या होत्या, पण लोक नुसतेच वाचत बसतात म्हणून हेड ऑफिसने त्या काढायला लावल्या होत्या. नवीन मुलं कुरकुर करायची, “मॅडम, हे काका काही विकत घेत नाहीत.”

“विकत घेत नाहीत, पण वाचतात तरी. तू दोन्ही करत नाहीस.”

एक दिवस काका आले, त्यांनी सवयीने हात वर केला आणि तो तसाच राहिला. पुस्तकाच्या जागी फट होती. कळवाने तासाभरापूर्वीच ते विकलं होतं, आतल्या तिकिटासकट. दुसरी प्रत नव्हती.

“शेवटचं प्रकरण राहिलं होतं हो,” काका बारीक आवाजात म्हणाले.

मॅडमनी कळवाला विचारलं, “कोणी नेलं?”

“एक नवरा-बायको होते, मॅडम. वर फूड कोर्टला जाऊ म्हणत होते.”

मॅडमनी काकांचं कोपर धरलं, मला म्हणाल्या, “कल्याण, चल!” आणि आमची वरात सरकत्या जिन्याने वर निघाली. आमच्या दुकानाची पिशवी खुर्चीला अडकवलेलं एक तरुण जोडपं कोपऱ्यात बसलं होतं. आम्हाला येताना बघून नवरा उठूनच उभा राहिला.

“काय झालं? कार्ड चाललं नाही का?”

“कार्ड उत्तम चाललं. तुमचं जेवण यायला वेळ आहे का?”

“म्हणजे... आहे थोडा. का?”

“मग तेवढा वेळ ते पुस्तक यांना द्या. यांचं शेवटचं प्रकरण राहिलंय.”

नवऱ्याने बायकोकडे बघितलं. तिने शेजारची खुर्ची ओढली. काका बसले आणि वाचायला लागले. आजूबाजूला पोरं रडत होती, काउंटरवरून नंबर पुकारले जात होते, त्या दोघांचं जेवण आलं, खाऊन झालं, त्यातल्या मुलीने काकांसाठी मक्याचे दाणे मागवले, ते गार झाले. काकांना कशाचाही पत्ता नव्हता. संपल्यावर त्यांनी तिकीट काढून खिशात घातलं, खिशातल्या रुमालाने पुस्तकाचं कव्हर पुसलं आणि दोन्ही हातांनी परत दिलं.

“माझ्या बाबांसाठी घेतलंय,” मुलगी म्हणाली. “चांगलं आहे ना?”

“मधली दोन प्रकरणं जरा रेंगाळतात. पण सोडू नका म्हणावं. पुढे फार सुंदर आहे.”

खाली येताना काका नुसते हसत होते. मॅडम मात्र विचारात. “कल्याण, उद्यासाठी यांना दुसरं जाड काहीतरी बघून ठेव. आणि या वेळी दोन प्रती मागव.”

अशा आमच्या दुकानात ई-रीडर आले. त्याच सुमाराला विक्री घसरायला लागली होती. लोक यायचे, पुस्तक हातात घ्यायचे, मोबाइलने कव्हरचा फोटो काढायचे आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवायचे. मॅडमनी अशा एकाला रंगेहाथ पकडलं होतं. तो गोंधळून फोन लपवायला लागला, तर म्हणाल्या, “अरे, काढ, काढ. इथे अंधार आहे, थांब, वरचा लाइट लावते.” त्या बिचाऱ्याने लाजेने दोन पुस्तकं घेतली.

हेड ऑफिसने ठरवलं, वारं तिकडेच चाललंय तर आपणही ई-रीडर विकू. एक तरतरीत मुलगा आम्हाला शिकवायला आला. त्याने ते काळं चपटं यंत्र वर धरलं आणि यात हजारो पुस्तकं मावतात, असं सांगितलं.

राण्यांनी विचारलं, “आणि हातातून पडलं तर?”

“सर, सांभाळून वापरायचं.”

“पुस्तक पडलं तर आम्ही उचलतो.”

आम्ही सगळे खो खो हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्या पुढे झाल्या. “यातलं अक्षर मोठं होतं का?”

त्याने बटण दाबून दाखवलं.

“अजून.”

त्याने अजून केलं.

“अजून.”

“मॅम, एवढं मोठं कुणीच वाचत नाही.”

“तू कर रे बाबा.”

शेवटी पडद्यावर जेमतेम तीन शब्द उरले. मॅडमनी चष्मा काढून ते बघितले, लांब धरून बघितले. संध्याकाळी दाखवण्यासाठी ठेवलेला तो एक नग त्यांनी रीतसर सही करून घरी नेला. ‘दुकानात काय विकायचं ते आधी वापरून बघते,’ एवढंच म्हणाल्या. परत आणला तेव्हा कुणाला काही सांगितलं नाही. त्यांनी तोपर्यंत त्याचं नाव मात्र ठेवलं होतं. ‘पाटी’. पुढे आमच्या दुकानात तो शब्द इतका रुजला की गिऱ्हाइकंसुद्धा “पाटी दाखवा” म्हणू लागली.

ऑर्डर अशी होती की पाट्यांचं टेबल दारातच हवं. दारात मराठी नव्या पुस्तकांचं टेबल होतं, राण्यांच्या जिवाचा तुकडा. पंचवीसेक वर्षं पुस्तकांत काढलेला माणूस. टेबलावरच्या थप्प्या रोज सकाळी स्वतः रचायचा. ते टेबल मागे लिफ्टजवळ गेलं. राण्यांनी ते कसंबसं सोसलं. पण मॅडम ज्या झपाट्याने पाट्या विकायला लागल्या, ते त्यांना सहन होईना.

मॅडम विकायच्याही त्यांच्या पद्धतीने. कडेवर तान्हं बाळ घेऊन आलेल्या एका मुलीला त्यांनी पाटी एका हाताने कशी धरायची, अंगठ्याने पान कसं उलटायचं ते दाखवलं. बाळाला स्वतःच्या कडेवर घेऊन म्हणाल्या, “याला पाजताना एक हात मोकळा असतो ना? त्या हातासाठी आहे ही.” मुलीचे डोळे चमकले. ती म्हणाली, बाळंतपणापासून एक पान वाचलं नाही. ती पाटी घेऊन गेली. त्याच दिवशी महागडा फोन मिरवत आलेल्या कॉलेजच्या मुलाला मात्र त्यांनी उडवून लावलं.

“शेवटचं पुस्तक कधी वाचलंस?”

“आंटी, टाइमच नाही भेटत. म्हणून तर हे घेतोय.”

“यात टाइम येत नाही रे, पुस्तकंच येतात. आधी एक साधं पुस्तक संपवून ये. मग देते.”

तो खरंच एक बारकी कादंबरी घेऊन गेला आणि महिन्याभराने परत आला. मॅडमनी त्याची तोंडी परीक्षा घेतली. पास झाला. पण पाटी न घेता आणखी दोन कादंबऱ्या घेऊन गेला!

मी एकदा त्यांना विचारलं, “मॅडम, तुम्हाला कागदाचं काहीच वाटत नाही?”

“वाटतं ना. पण पुस्तक म्हणजे काय गं? वाचताना कुणी हाक मारली की राग येतो. ज्याने तसा राग येतो, ते पुस्तक. मग कागद असो नाहीतर पाटी.”

हे राण्यांना पटणारं नव्हतं. पाटी घेतलेली नेहमीची माणसं हळूहळू दिसेनाशी झाली, कारण त्यांना आता घरबसल्या पुस्तक मिळत होतं. एका दुपारी डबा खाताना राण्यांचा स्फोट झाला.

“मॅडम, तुम्ही गिऱ्हाइकाला माल विकत नाही आहात, बाहेरची वाट दाखवताय. उद्या दुकान बंद पडलं की टाळांऐवजी या पाट्याच कुटू आपण.”

“दुकान पाटीने बंद पडणार नाही, डोंबिवली.”

“मग कशाने पडणार?”

मॅडमनी बिरडं त्यांच्यापुढे सरकवलं. राण्यांनी आपला डबा उचलला आणि ते जिन्यात जाऊन बसले. त्या दिवसापासून त्यांनी मॅडमशी बोलणं टाकलं. दोघं एकाच शेल्फपुढे उभे असायचे आणि राणे मला म्हणायचे, “मॅडमना सांग, नवीन पार्सल आलंय.” मॅडम म्हणायच्या, “कल्याण, डोंबिवलीला सांग, मला दिसतंय.” मी मध्ये उभी. पंधरवडाभर हा खेळ चालला. गंमत वाटायची, पण मॅडमच्या डब्यातलं बिरडं उरायला लागलं होतं, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

एक दिवस मॅडमनी मला बोलावलं. “डोंबिवलीला सांग, मंगळवारी माझ्या घरी जेवायला यायचंय. तूही ये. आणि हेही सांग, आले नाहीत तर मी त्यांच्या घरी जाऊन बसेन आणि जेवल्याशिवाय उठणार नाही.”

राणे आले. नौपाड्यातली जुनी तीन मजली इमारत, दारात तुळस, आत कोलंबीचा घमघमाट. प्रधान साहेबांनी दार उघडलं. बँकेतून निवृत्त झालेले, फार कमी बोलणारे गृहस्थ. खिडकीजवळच्या पलंगावर मॅडमच्या सासूबाई, माई, उशीला टेकून बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, नऊवारीतल्या. त्यांच्यापुढे लोडावर एक पाटी तिरकी उभी केलेली होती.

“माई, पाहुणे आलेत,” मॅडम म्हणाल्या.

“बघितलं.” माईंनी मान वर केली नाही.

“ताटं घेतेय.”

“पान संपू दे.”

प्रधान साहेब हळूच आम्हाला म्हणाले, “दोन वर्षं आईला अक्षर दिसत नव्हतं. जन्मभर वाचत आलेली बाई. भिंतीकडे तोंड करून बसायची, नाहीतर आमच्याशी भांडायची. वाचून दाखवतो म्हटलं तर म्हणायची, दुसऱ्याने वाचलेलं मला उष्टं लागतं. आता बघा.”

राणे पलंगाशी जाऊन उभे राहिले. पडद्यावर तीन शब्द होते. माईंनी बोट टेकवलं, दुसरे तीन आले. परत तीन. थेंब थेंब पाणी प्यावं तसं त्या वाचत होत्या. राणे वाकून त्यांच्यासोबत वाचायला लागले. मग त्यांच्यातला विक्रेता जागा झाला.

“माई, ही ती दोघी बहिणींची कादंबरी ना? यात पुढे धाकटी जी आहे ती...”

“सांगायचं नाही!” माईंनी फाटकन त्यांच्या हातावर चापटी मारली. “घरात एक सून आहे शेवट सांगणारी, ती पुरे.”

राणे जे हसले! त्या पंधरवड्यात मी त्यांना हसताना बघितलंच नव्हतं. मॅडम स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. त्या नुसतं म्हणाल्या, “चला, खिचडी निवतेय.” आणि राण्यांनी थेट त्यांच्याकडे बघून विचारलं, “मॅडम, सोबत पापड आहेत का?”

परतताना आम्ही स्टेशनपर्यंत रिक्षा केली. उतरताना राणे एवढंच म्हणाले, “आधी सांगितलं असतं तर मी कशाला भांडलो असतो?” दुसऱ्या दिवशी त्यांचा डबा जिन्यातून परत आमच्यात आला. पुढे तर त्यांनी मराठी प्रकाशकांना फोन करकरून भंडावून सोडलं. “अहो, तुमची पुस्तकं पाटीवर कधी आणताय? आमच्या माईंची कादंबरी संपत आलीय, पुढे काय देऊ मी त्यांना?”

दुकान शेवटी बंद झालंच. मॉलचं भाडं वाढलं, कंपनीने एकेक शाखा मिटवत आणली, आमची पाळी आली. शेवटच्या आठवड्यात सगळं अर्ध्या किमतीत काढलं तेव्हा दुकानाच्या उभ्या आयुष्यात झाली नव्हती इतकी गर्दी झाली. वर्षानुवर्षं न फिरकलेले लोक येऊन हळहळायचे. “अरेरे, फार वाईट झालं हो. आता पुस्तकांचं कसं होणार?” मॅडमनी आम्हाला बजावलं होतं, रडकी तोंडं करायची नाहीत. त्या स्वतः दारात उभ्या राहून सांगत होत्या, “सांत्वन नको. पिशवी आणलीय का ते बोला.”

पाट्यांची विक्री आमच्या शाखेत भरघोस झाली होती. म्हणून हेड ऑफिसने मॅडमना बोलावलं. सगळीकडे फिरून विक्री शिकवायची, मोठं पद. मॅडमनी विचारलं, “आणि माझी माणसं?” तिकडून उत्तर आलं, त्यांचं बघू. “मग माझंही बघू,” म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि लगेच दुसरा फिरवला. त्या महिन्यात त्यांनी किती लोकांना फोन केले देव जाणे. कळवाला एका पतपेढीत चिकटवलं, मुलुंडला एका प्रकाशकाकडे, मला कल्याणच्या एका शाळेच्या ग्रंथालयात. मुख्याध्यापिकेला त्यांनी सांगितलं होतं म्हणे, “मुलगी चांगली आहे. फक्त हात धुतलेत का ते बघत जा.”

शेवटच्या दिवशी शेल्फ रिकामे झाल्यावर मी त्यांना शोधत मागे गेले. त्या मालाच्या लिफ्टजवळ एका खोक्यावर एकट्याच बसल्या होत्या. बूट काढून ठेवलेले, पाय सुजलेले.

“दुखतात गं,” त्या म्हणाल्या. “उभी होते तोवर कळलंच नाही.”

मी शेजारी बसले. मग त्यांनी बूट चढवले, नाड्या घट्ट बांधल्या आणि उठल्या.

राण्यांना मात्र कुठेच काम मिळेना. पन्नाशी उलटलेल्या माणसाला पुस्तकाच्या धंद्यात कोण घेणार? ते डोंबिवलीला घरी बसले. त्यांच्या बायकोने मॅडमना फोन केला की हे दिवसभर घरातली पुस्तकं एकदा उंचीने लावतात, एकदा रंगाने लावतात, मला बघवत नाही. मॅडम दुसऱ्या दिवशी हजर. “उठा, डोंबिवली. गाळा बघायचाय.”

गाळा बघितला तो डोंबिवली पूर्वेला, एका फरसाणवाल्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर. जिना उभा, अरुंद. राणे म्हणाले, “मॅडम, इथे वर कोण चढणार?” प्रधान साहेबसुद्धा त्या दिवशी बोलले. ते म्हणाले, “या वयात?” दोघांनाही मॅडमनी एकच उत्तर दिलं. “बघू या तरी.”

दोघांनी तिथे पुस्तकांचं दुकान थाटलं आणि खरंच कुणी चढेना. पहिले काही महिने दोघं समोरासमोर बसून फरसाण खायची. मग मॅडमच्या लक्षात एक गोष्ट आली. डोंबिवलीतल्या घराघरांत परदेशातल्या मुलांनी पाठवलेल्या पाट्या होत्या आणि त्या कपाटातून बाहेर निघाल्याच नव्हत्या. चालू कशी करायची माहीत नाही, मुलाला फोनवर किती विचारायचं! मॅडमनी घडीचं टेबल घेतलं आणि शनिवारी एकेका सोसायटीच्या आवारात मांडायला सुरुवात केली. “कपाटातली पाटी खाली घेऊन या, मी चालू करून देते.”

एक आजी-आजोबा तर रेशमी कापडात गुंडाळलेली पाटी घेऊन आले. तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं होती.

“हे काय?” मॅडमनी विचारलं.

आजी म्हणाल्या, “मुलाने पाठवलीय हो, यात पुस्तकं असतात म्हणाला. मग आम्ही ती दसऱ्याला पाटीपूजनाला ठेवतो.”

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी हळदीकुंकू हलक्या हाताने पुसलं, पाटी चालू केली, अक्षर मोठं केलं आणि आजोबांच्या हातात दिली. आजोबा तिथेच, सोसायटीच्या बाकावर, जेवायची वेळ होईपर्यंत वाचत बसले.

मग माणसं जिना चढायला लागली. पाटीवर वाचून आवडलेलं पुस्तक नातीला द्यायला कागदाचं हवं असायचं, मित्राला साठीला द्यायला हवं असायचं. ते खातं राण्यांचं. त्यांनी दारात मराठी पुस्तकांचं टेबल मांडलं आणि थप्प्या रचायला सुरुवात केली. पाट्यांचं काम आतल्या बाजूला, मॅडमकडे. अजूनही दोघांची भांडणं होतात, पण आता मध्ये उभं राहायला कुणी लागत नाही.

परवाच्या शुक्रवारी शाळेसाठी पुस्तकं घ्यायला मी डोंबिवलीला गेलेले. संध्याकाळची वेळ, दुकानात सात-आठ माणसं. मी निवडलेली पुस्तकं राणे बांधत होते आणि एकदम लाइट गेली. सगळा रस्ताच अंधारात गेला. खालच्या दुकानातला मिक्सर थांबला, कुणीतरी शिट्टी वाजवली. लोक पायऱ्या चाचपत निघायच्या बेतात होते.

“कुठे निघालात पडायला? जिना उभा आहे,” मॅडमचा आवाज आला. “येईल लाइट. तोवर ऐका.”

त्यांनी टेबलावरची पाटी उचलली. तिचा मंद उजेड त्यांच्या चष्म्यावर आणि हनुवटीवर पडला. एका विधवा बाईने गावचं घर विकायला काढलंय आणि बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला ती घरातले दोष एकेक करून सांगते आहे, अशी ती कथा होती. मॅडम बाईचा आवाज वेगळा काढत होत्या, गिऱ्हाइकाचा वेगळा. कुणीतरी हसलं. एक आजी पुस्तकांच्या गठ्ठ्यावर टेकल्या. राणे सुतळी हातात धरून तसेच उभे होते. मध्येच जिन्यावर पावलं वाजली आणि मोबाइलचा टॉर्च लावलेला एक माणूस दारात आला. “पेनाची रिफिल आहे का हो?” त्याने विचारलं. मॅडम वाचतच होत्या. त्याने टॉर्च विझवला आणि चौकटीला टेकला.

तेवढ्यात लाइट आली. सगळ्यांनी डोळे मिचकावले. पंखे फिरायला लागले. मॅडमनी पाटी खाली ठेवली, तर जागचं कुणी हललं नाही. सगळे एकमेकांकडे बघत होते.

दारातला रिफिलवाला म्हणाला, “अहो, थांबलात का? घेतलं का त्याने घर?”

मॅडमनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि पाटी पुन्हा उचलली.

“बसा आधी,” त्या म्हणाल्या.